पहिली तापवण

वील हाबेट्स निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली,
तरी गेटवरचा माणूस त्याला अजून आत सोडतो.
आज तो आला बगलेत बादली घेऊन.
फिकट निळी. कडीपाशी तडकलेली.
"आईची," म्हणाला. "यात काय आहे ते सांग."

काय असणार? पॉलिथिलीन.
खलेन गावात दुसरं असतं तरी काय.
खाणी मिटल्या, कोळशाचे ढीग सपाट झाले,
त्या जागी या चकचकीत नळ्या उभ्या राहिल्या
रात्रभर पांढरे मणी ओकणाऱ्या.

मी नखाच्या चंद्राएवढा तुकडा कापला.
पाच मिलिग्रॅम.
ॲल्युमिनियमच्या इवल्या ताटलीत झाकून
भट्टीत ठेवला, मिनिटाला दहा अंश.
रेघ सरळ चालत राहिली
कॉफी निवेपर्यंत.
मग एकशे आठला एक खळगा, बुटका, पसरट.
एकशे एकतीसला दुसरा. खोल, टोकदार.

"दोन आहेत."
"दोन?"
"एक सरळ साखळ्यांचं, एक फांद्यांचं."

नाव एकच. कार्बन, हायड्रोजन, तिसरं कोणी नाही.
वितळलेले असताना असे गुरफटतात
की कोण कुठला, सांगता येऊ नये.
निवायला लागलं की मात्र
सरळ साखळ्यांना आधी जाग येते.
त्या घड्या घालायला बसतात, पदरावर पदर,
आणि फांद्यावाल्यांची घडी काही बसत नाही,
त्या सरकवल्या जातात फटींमध्ये.
तिथेच, वीस अंश उशिरा,
जमेल तशी, लहान लहान,
आपली आपण घालतात.

वीलला हे सगळं पाठ आहे.
बत्तीस वर्षं या टेबलाशी होता.
"म्हणजे नवरा-बायकोसारखं," असं एक शिकाऊ पोरगं म्हणालं होतं एकदा,
त्याला वीलने आठवडाभर बाटल्या धुवायला लावल्या होत्या.
म्हणून मी गप्प.

तोच बोलला.
"बाबा सदुसष्टला खाणीतून कायमचा वर आला,
महिन्याभरात इकडे, चाचणीच्या साच्यावर.
डोळ्यांच्या कडांना काळं तसंच.
रात्रपाळीला जमिनीवर सांडलेले मणी झाडायचे,
या लाइनीचे, त्या लाइनीचे, सगळे एका खोक्यात,
आणि फोरमनने पाठ वळवली की साचा भरायचा.
थंड पाणी सोडलं तर पंपाचा आवाज होतो,
म्हणून सोडायचं नाही.
पहाटेपर्यंत आपोआप निवू द्यायचं."

हळू निवलेलं. हो, ते दिसतंय.
म्हणूनच दुसरा खळगा इतका खोल.
घाई नव्हती कुणाला.

"पुन्हा चालव."
मी चालवली. तीच ताटली.
दोन्ही खळगे आले, पण उथळ, जरा सरकलेले,
माझ्या यंत्राच्या वेगाने निवलेले.
पहिल्या तापवणीत दिसतं वस्तू कशी जन्मली ते.
दुसरीत नुसती वस्तू.
एकदा वितळलं की ती पहाट गेली.
हे मी त्याला सांगायची गरज नव्हती,
त्यानेच मला शिकवलं होतं, याच खुर्चीत,
मी घाईघाईने पहिली रेघ पुसून टाकली होती तेव्हा.

तो कागदाकडे बघत राहिला.
बाहेर वाफेचा भोंगा होऊन गेला.

"अजून एक तुकडा कापू?"
बादली नऊशे ग्रॅमची. मनातल्या मनात भागाकार केला:
एक लाख ऐंशी हजार वेळा
वाचता येईल ती रात्र.

"नको," म्हणाला. "बटाट्यांना लागते."

आणि मग, दारापाशी,
"पुस्तकात काय लिहिलंय अजून? जमत नाही म्हणून?"
"असंच."
"तीस वर्षं फरशी पुसली तिने हिच्यातल्या पाण्याने.
तडा गेला तो कडीपाशी. तिथे तर तार होती."

कागद त्याने दुमडला नाही,
गुंडाळी करून बादलीत उभा ठेवला.
बस यायला वेळ होता, थांब्यावर वारा.
खिडकीतून मला दिसत होतं,
त्याने बादली कडीने न धरता
पोटाशी धरली होती.